नवे ॲप येते, तरी माणसे जुन्याच कट्ट्यावर का थांबतात?

मध्यंतरी ठाण्यातील आमच्या सोसायटीने एक साधा निर्णय घेतला. ८४ सदनिकांच्या इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद करून सर्वांनी एका नव्या ॲपवर जायचे, असे रविवारच्या बैठकीत ठरले. विरोध कोणीच केला नाही. दुवा फिरवला गेला आणि दहा दिवसांत ३१ घरे नव्या ग्रुपमध्ये दाखल झाली. मग एका गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास दुसऱ्या दिवशी २४ तास पाणी बंद राहणार असल्याचे कळले. सचिवांनी निरोप दोन्हीकडे टाकला. नव्या ग्रुपवर दोन अंगठे उमटले. जुन्या ग्रुपवर मात्र टाकी किती वाजेपर्यंत भरायची, टँकर कोणी सांगायचा आणि पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींच्या बादल्या कोण भरून देणार, हे सारे पंधरा मिनिटांत ठरूनही गेले. त्या रात्रीनंतर नव्या ग्रुपवर कोणी काही लिहिले नाही.

असे अनुभव आता पुष्कळांच्या गाठीशी आहेत. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ उठला तेव्हा असंख्य लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम मोबाइलवर घेतले. भारतीय भाषांचा आधार घेऊन २०२० मध्ये सुरू झालेले ट्विटरसारखे ‘कू’ २०२४ च्या जुलैत बंद झाले. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस झोहो या भारतीय कंपनीचे ‘अरट्टाई’ हे निरोपांचे ॲप एकाएकी देशभर गाजले. दर वेळी तेच प्रश्न विचारले जातात: एवढे पर्याय असताना २००४ मध्ये जन्मलेले फेसबुक आणि २००९ मध्ये जन्मलेले व्हॉट्सॲप लोक सोडत का नाहीत, आणि तेही सत्तरीतल्या आजीपासून कॉलेजातल्या नातीपर्यंत?

‘सवय’ हे याचे नेहमी दिले जाणारे उत्तर मला अपुरे वाटते. प्रत्येक वयाच्या माणसाचे तिथे थांबण्याचे कारण निराळे असते आणि ही निरनिराळ्या वयांची माणसे एकमेकांना तिथे धरून ठेवतात, असे माझे मत आहे. ते कसे, हे मुळापासून पाहू.

जोड्यांचा हिशेब

एखाद्या सेवेचे मोल ती किती लोक वापरतात यावर अवलंबून असेल, तर त्या गुणाला अर्थशास्त्रात ‘नेटवर्क इफेक्ट’ म्हणतात. आपण त्याला जाळ्याचे बळ म्हणू. मिक्सर शेजाऱ्याकडे असो वा नसो, आपल्या मिक्सरमध्ये चटणी तशीच होते. निरोपाच्या ॲपचे तसे नाही. ज्याला निरोप द्यायचा तो तिथे नसेल, तर ते ॲप कितीही सुबक असले तरी आपल्या कामाचे नाही.

आता आमच्या सोसायटीचाच हिशेब मांडू. दोन घरांत एकच जोडी होते, पाच घरांत १० आणि दहा घरांत ४५. याच रीतीने ८४ घरांत ३,४८६ जोड्या होतात, म्हणजे घराघरांना एकमेकांशी बोलण्याचे एकूण तितके मार्ग असतात. नव्या ग्रुपवर ३१ घरे गेली. ऐकायला ही संख्या वाईट नाही, कारण शंभरात सदतीस घरे झाली. पण ३१ घरांत जोड्या होतात फक्त ४६५, म्हणजे मूळ जोड्यांच्या शंभरात जेमतेम तेरा. एक तृतीयांशाहून अधिक घरे हलली, तरी बोलण्याच्या शंभर वाटांपैकी सत्त्याऐंशी जुन्याच ठिकाणी राहिल्या. शिवाय नेमक्या त्या रात्री ज्यांच्याशी बोलायला हवे होते, म्हणजे टँकरवाल्याचा नंबर असलेले दुसऱ्या मजल्यावरचे काका आणि पाचव्या मजल्यावरच्या आजी, ते दोघेही त्या ३१ घरांत नव्हते.

म्हणूनच ‘निम्मे लोक तर आलेच आहेत, बाकीचे येतील’ हा भरवसा बहुतेक वेळा फसतो. निम्मे लोक आले की उपयोग निम्मा होत नाही, साधारण पाव होतो, आणि पाव उपयोगासाठी कोणी दोन-दोन ठिकाणी डोके घालत बसत नाही.

एकट्याला घर हलवता येते, बाजार नाही

नवी मुंबईकरांना हा पेच समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण त्यांच्या शहरात तो एकदा प्रत्यक्ष सोडवला गेला आहे. मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट परिसरातील घाऊक बाजारांनी मुंबईचे रस्ते तुंबत होते. वाशीला प्रशस्त जागा होती. तरीही एखादा कांद्याचा व्यापारी आपण होऊन तिकडे जाणे शक्य नव्हते, कारण ग्राहक इकडे, हमाल इकडे, उधारीवर माल देणारा इकडे आणि भाव ठरणार तोही इकडेच. प्रत्येक जण दुसऱ्याने आधी जावे म्हणून वाट पाहणार आणि त्या वाट पाहण्यातच सगळे जागच्या जागी राहणार, अशी ती स्थिती होती. अखेर १९८० आणि १९९० च्या दशकांत सरकारने टप्प्याटप्प्याने एकेका मालाचा घाऊक व्यवहारच वाशीच्या बाजार समितीच्या आवारात नेला, आणि कांदा-बटाटा असो की फळे-भाजी, संपूर्ण बाजार एकदम हलला.

जुन्या समाजमाध्यमाबाबत आपण त्या कांद्याच्या व्यापाऱ्यासारखे असतो. प्रत्येकाला वैयक्तिकरीत्या नवे ॲप आवडत असेल, जुन्याबद्दल तक्रारीही असतील, पण आधी कोणी जायचे हे ठरत नाही. बाजाराला सरकारने हलवले. आपल्या ग्रुपला हलवणारे कोणी नसते. सोसायटीच्या बैठकीतील ठरावाला तेवढे वजन नसते, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

आत्या, फराळवाल्या ताई आणि भाची

जाळ्याचे बळ सर्वांना सारखेच लागू असले, तरी प्रत्येक वयाच्या माणसाचे त्या जाळ्यात काय गुंतलेले आहे, हे वेगळे असते. माझ्या ओळखीतील तीन व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून मी ते सांगतो.

माझी आत्या ७१ वर्षांची आहे आणि नौपाड्यात राहते. मुलाने २०१२ मध्ये तिला फेसबुकवर खाते काढून दिले. शाळेतल्या मैत्रिणी तिला तिथे चाळीस वर्षांनी सापडल्या, आणि त्यातल्या दोघींचे फोन नंबर तिच्याकडे आजही नाहीत, कारण त्यांची गरजच पडली नाही. पण ती तिथे रोज जाते ती मैत्रिणींसाठी नव्हे. २०१६ च्या पावसाळ्यात तिने उपवन तलावाचे एक छायाचित्र टाकले होते आणि त्याखाली आतोबांनी, एकाच घरात शेजारच्या खुर्चीवर बसून, ‘पाऊस छान. भजी राहिली.’ एवढे लिहिले होते. आतोबा २०१९ मध्ये गेले. फेसबुकवर २०१५ पासून जुन्या नोंदी त्या-त्या तारखेला पुन्हा समोर आणण्याची सोय आहे, आणि जुलैत केव्हातरी ते छायाचित्र आत्याच्या पडद्यावर आपोआप वर येते. ती चष्मा पुसते, बोटाने ती ओळ मोठी करून वाचते आणि मोबाइल ठेवून देते. तिला दुसऱ्या ॲपवर कोणी काय द्यावे, म्हणजे ती तिकडे जाईल?

कोपरीत राहणाऱ्या एक ताई घरगुती फराळाचा व्यवसाय करतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांच्या फेसबुक पानावर २०१५ पासूनच्या ग्राहकांचे अभिप्राय आहेत, व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक ॲपवर पदार्थांची सूची आहे, आणि चकलीच्या प्रत्येक डब्यावर तोच एक नंबर छापलेला आहे. त्यांना ‘स्विचिंग कॉस्ट’, म्हणजे जागा बदलण्याचा खर्च, ही संज्ञा ठाऊक असण्याची गरज नाही. तो खर्च त्यांना रुपयांत सांगता येतो. नवे ॲप फुकट असले, तरी दहा वर्षांची पत तिथे शून्यापासून उभी करावी लागेल आणि ती दिवाळीच्या तोंडावर करता येत नाही. या वयातील माणसाचे जुन्या माध्यमाशी असलेले नाते बरेचसे दुकानाच्या गाळ्यासारखे असते. गाळा जुना असेल, गळतही असेल, पण गिऱ्हाईक त्याच दारात येते.

तिसरी माझ्या बहिणीची मुलगी. वय १९, साताऱ्याहून नेरुळला शिकायला आली. फेसबुकवर तिने स्वतःचे शेवटचे छायाचित्र टाकले ते दहावीच्या निकालाच्या दिवशी. तिच्या मैत्रिणींचे सारे बोलणे इन्स्टाग्रामवर चालते. तरीही नेरुळमध्ये खोली शोधताना तिला फेसबुकवरील खोल्यांच्या ग्रुपचाच आधार मिळाला, कारण जागा देणारे चाळिशी-पन्नाशीतले आहेत आणि ते तिथेच जाहिरात टाकतात. वर्गाच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, कारण शिक्षक तिथे आहेत. दोन-तीन इतर सेवांत ती फेसबुकच्याच खात्याने प्रवेश करते. ती तिथे राहत नाही, पण तिची चावी तिथे लटकलेली आहे.

या तिघींना एकत्र पाहिले म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. भाची आहे म्हणून आत्याला तिची खुशाली तिथे कळते. आत्यासारखे ग्राहक आहेत म्हणून ताईंचे पान चालते. ताईंच्या वयाचे घरमालक आहेत म्हणून भाचीला खाते ठेवावे लागते. यातील एकीनेच जायचे ठरवले, तर तिला उरलेल्या दोन्ही पिढ्यांचा धागा सोडावा लागतो.

तरुणांनी तर फेसबुक सोडले ना?

हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत १३ ते १७ वयोगटातील फेसबुक वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१४-१५ मधील ७१ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३२ टक्क्यांवर आले होते. परंतु त्याच पाहणीत यूट्यूब वापरणारे ९५ टक्के होते, आणि यूट्यूब २००५ चे आहे. इन्स्टाग्राम २०१० चे, म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलांइतके किंवा त्यांच्याहून जुने आहे. तरुण नव्याच्या मागे धावतात आणि वृद्ध जुन्याला चिकटतात, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. तरुणांनी आपले जुने माध्यम वेगळे निवडले, एवढेच खरे. फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ मध्ये आणि व्हॉट्सॲप २०१४ मध्ये विकत घेतले, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाणारा तरुण कंपनी बदलत नाही, फक्त खोली बदलतो. खुद्द फेसबुकचे महिन्याचे वापरकर्ते २०२३ मध्ये ३०० कोटींच्या पुढे गेले होते.

मग ऑर्कुट का बुडाले?

ज्यांनी ऑर्कुटवर मित्रांना स्क्रॅप लिहिले आणि आग्रहाने टेस्टिमोनियल मागून घेतले, त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. गूगलचे ऑर्कुट हे समाजमाध्यम २००४ च्या जानेवारीत सुरू झाले, ब्राझील आणि भारतात अफाट लोकप्रिय झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. जाळ्याचे बळ एवढे असेल, तर हे जाळे कसे सुटले?

माझ्या मते याचे मोठे कारण वयात आहे. ऑर्कुटच्या भरभराटीच्या काळात भारतातील इंटरनेट मुख्यतः कॉलेज, सायबर कॅफे आणि कार्यालये यांतच होते. तिथे मी होतो, माझे वर्गमित्र होते. माझी आई नव्हती, आत्या नव्हती, सोसायटीचे सचिवही नव्हते. एकाच वयाचा, एकमेकांना ओळखणारा गट बाजारासारखा एकत्र हलू शकतो. फेसबुक २००६ च्या सप्टेंबरमध्ये १३ वर्षांवरील सर्वांसाठी खुले झाले आणि पुढच्या काही वर्षांत आमचे वर्गच्या वर्ग तिकडे गेले. जाळे विणले जाते त्याच रीतीने ते उसवतेही: दहा मित्र गेले की अकराव्याला थांबण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर चित्र बदलले. स्मार्टफोन स्वस्त झाले, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटाचे दर कोसळले, आणि घरातील वडीलधारी माणसे मोठ्या संख्येने आली. आता एकाच ग्रुपवर आजी, मुलगा, सून आणि नात असतात, आणि नातीच्या मैत्रिणी उद्या दुसरीकडे गेल्या तरी आजी हलत नाही, म्हणून नातही पुरती हलू शकत नाही. ऑर्कुटला आजी नव्हती. व्हॉट्सॲपला आहे.

वडीलधाऱ्यांना नवे जमत नाही, हे खरे आहे का?

हे विधान मला अन्यायाचे वाटते. ज्या आत्याला फेसबुक सोडवत नाही, तीच २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉल शिकली आणि आता नौपाड्यातल्या भाजीवालीला क्यूआर कोडने पैसे देते. जिथे तिला स्वतःचा लाभ दिसला तिथे ती शिकली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांची मांडणी इथे उपयोगी पडते: पुढे उरलेला काळ मर्यादित आहे ही जाणीव वाढत जाते, तशी माणसे नव्या ओळखी गोळा करण्याऐवजी मोजक्या, जवळच्या नात्यांत मन गुंतवतात. नवी ॲप्स बहुधा नव्या ओळखींचे आमिष दाखवतात. सत्तरीतल्या माणसाला ते नको असते, आणि नको असणे म्हणजे न जमणे नव्हे.

सवयीचा आणि व्यसनाचा वाटा मात्र मी नाकारत नाही. समोर आहे तेच चालू ठेवण्याकडे माणसाचा कल असतो, हे विल्यम सॅम्युअलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी १९८८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. संपतच नाही असा नोंदींचा ओघ आणि लाल ठिपक्यांच्या सूचना या कलाला खतपाणी घालतात, हेही उघड आहे. पण आमच्या सोसायटीला त्या गुरुवारी जुन्या ग्रुपकडे ओढून नेले ते पाण्याने.

पूल बांधला, तर मुक्काम हलवणे सोपे होते

लोक अडकलेले आहेत हे कंपनीला ठाऊक असेल, तर ती आपल्या अटी लादू शकते. २०२१ च्या ज्या धोरणावरून गदारोळ झाला, त्याच प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये फेसबुक-व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. अटी मान्य करा नाहीतर ॲप सोडा, एवढाच पर्याय वापरकर्त्यांपुढे ठेवला गेला, हे आयोगाच्या आक्षेपाचे सार होते. मेटाने त्या आदेशाविरुद्ध अपील केले. मुद्दा हा की, सोडणे ज्याला परवडत नाही त्याची संमती कितपत खरी मानायची.

यावर बाजार समितीहून वेगळा उपायही नवी मुंबईने पाहिला आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि वाशीत घरे उभी राहिली, तरी पुष्कळांचा पाय मुंबईतून निघत नव्हता. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडीवरून वाशीपर्यंत लोकल धावू लागली आणि नोकरी मुंबईत, नातेवाईक दादर-चेंबूरला, घर वाशीला, असे जगणे शक्य झाले. माणसांना आता सगळे सोडून जावे लागत नव्हते.

डिजिटल जगात अशा पुलाला ‘आंतरव्यवहार्यता’ असा जड शब्द आहे. त्याचा अर्थ एवढाच, की एका कंपनीच्या ॲपवरून दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरील माणसाशी व्यवहार करता यावा. ई-मेल असेच चालते. आपला पत्ता कोणत्याही कंपनीचा असो, पत्र पोहोचते. यूपीआयही असेच चालते. भाजीवालीकडे कोणते ॲप आहे हे विचारावे लागत नाही. मोबाइल कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली, आणि ताईंच्या डब्यावरचा नंबर त्यामुळेच वाचला. निरोपांच्या ॲपमध्ये मात्र असा पूल आपल्याकडे नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारविषयक कायद्याने २०२४ च्या मार्चपासून व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या सेवांवर, दुसऱ्या सेवेने मागणी केल्यास तिच्याशी जोडून घेण्याचे बंधन घातले आहे. भारतात आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात तो राहिला नाही. तो परत आणावा, असे मला मनापासून वाटते.

कंपनीला स्वतःचा फायदा दिसतो तेव्हा ती पूल बांधतेच. २०२३ च्या जुलैत आलेल्या मेटाच्या थ्रेड्स या नव्या ॲपवर पाच दिवसांत १० कोटी लोकांनी नावे नोंदवली, कारण इन्स्टाग्रामचे खाते आणि तिथली माणसे सोबत नेण्याची वाट तयार होती.

तोवर आपल्या हाती काय आहे

जुन्या माध्यमावर राहण्यात कमीपणा नाही, पण तिथले सारे कायमचे आहे असे समजण्यात धोका आहे. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये मान्य केले, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतच्या सुमारे बारा वर्षांतील लोकांनी चढवलेले संगीत नष्ट झाले. म्हणून फेसबुकच्या सेटिंगमधून आपल्या माहितीची प्रत वर्षातून एकदा उतरवून घ्यावी, व्हॉट्सॲपवरील महत्त्वाचे संभाषण ‘एक्स्पोर्ट चॅट’ने बाहेर काढावे आणि निकटच्या माणसांचे नंबर कागदावरही असावेत. आमच्या सोसायटीत पाण्याची सूचना आता लिफ्टशेजारच्या फळ्यावरही लिहिली जाते.

आपल्यानंतर खात्याचे काय व्हावे, तेही ठरवता येते. २०२३ च्या कायद्याने आपल्या माहितीविषयीच्या हक्कांसाठी वारस नेमण्याची तरतूद केली आहे, आणि फेसबुकवर २०१५ पासून खात्याचा सांभाळ करणारी व्यक्ती नेमता येते. गेल्या महिन्यात आत्याच्या शेजारी बसून मी ती प्रक्रिया पूर्ण केली. मुलाचे नाव घालू का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘‘त्याला वेळ नसतो. नेरुळच्या पोरीचं घाल, ती फोटो जपते.’’ नेमलेली व्यक्ती स्वतः फेसबुकवर मैत्रीच्या यादीत असावी लागते, तरच तिला ते काम करता येते. मी भाचीला फोन केला. खाते काढून टाकण्याचे तिने तेव्हा जवळपास ठरवले होते. कारण ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने आपला विसरलेला पासवर्ड कसा परत मिळवायचा, ते विचारले.